भांड्यांवर नावं घालणारं राज्य

१८९४ साली इवानोव्स्की नावाच्या एका रशियन संशोधकाने येरेव्हानजवळच्या एका रहिवाशाकडून एक दगड विकत घेतला. त्या माणसाला तो पंधरा वर्षांपूर्वी शहराच्या आग्नेयेकडच्या आरिन बेर्द टेकडीवर सापडला होता. दगडावर पाचरीसारख्या खुणांच्या ओळी कोरलेल्या होत्या. त्यातून निघालेला मजकूर असा : मेनुआचा मुलगा अर्गिश्ती याने हे कोठार बांधलं, आणि त्यात १०,१०० कापी मावतात. कापी म्हणजे त्या काळचं धान्याचं माप. जवळजवळ २,७०० वर्षं मातीत पडून राहिलेला राजाचा दगड, आणि त्यावर ना लढाईचं वर्णन, ना पराक्रमाचे पोवाडे. कोठार किती मोठं, एवढाच हिशेब!

एवढा बोलका दगड हाती येऊनही टेकडी मात्र तशीच राहिली. आर्मेनियाच्या राजधानीच्या कडेला, भोवतालच्या सपाटीपासून जेमतेम ६५ मीटर उंच, माथ्यावर मातीचे उंचवटे, मध्येच वर आलेले घडीव दगड. सह्याद्रीतले गड चढलेल्या माणसाने हिला टेकाड म्हटलं असतं. पण वर उभं राहिलं की अराक्स नदीचं सगळं मैदान पायाशी पसरलेलं दिसतं, आणि पलीकडे ५,१३७ मीटर उंचीचा, बर्फाची टोपी घातलेला अरारात. मैदानात धान्य पिकतं, द्राक्षं पिकतात. किल्ला इथे का, याचं उत्तर त्या मैदानात आहे.

टेकडीवर पद्धतशीर खोदकाम सुरू झालं ते १९५० मध्ये, कॉन्स्टंटिन होव्हान्निस्यान यांच्या नेतृत्वाखाली. ते मुळात वास्तुविशारद. त्याच शरद ऋतूत त्यांच्या पथकाला तो शिलालेख मिळाला, ज्याला येरेव्हानकर आजही आपल्या शहराचा जन्मदाखला म्हणतात. खाल्दी देवाच्या थोरवीने मेनुआपुत्र अर्गिश्तीने हा बळकट किल्ला उभारला, त्याचं नाव एरेबुनी ठेवलं, बियाइनिली देशाचं सामर्थ्य वाढावं आणि शत्रूंना धाक बसावा म्हणून, असा त्याचा आशय. पुढे राजा सांगतो की इथली जमीन ओसाड होती, मी इथे मोठमोठी कामं केली.

हे ‘ओसाड’ प्रकरण जरा बेतानेच घ्यावं. आजच्या येरेव्हान शहरातच शेंगाविथ नावाची वस्ती खणून काढलेली आहे, आणि ती एरेबुनीच्याही दोन हजार वर्षं आधीची आहे. या राजांची तशी लिहायची रीतच होती. दुसरीकडे शहर वसवलं तरी तिथेही आधी काहीच नव्हतं म्हणायचं. आपल्या आधी जग नव्हतं असं वाटणारे राज्यकर्ते काही पाचरीच्या लिपीबरोबर संपलेले नाहीत.

हा अर्गिश्ती उरार्तू नावाच्या राज्याचा राजा. राजधानी तुश्पा, आज तुर्कस्तानात असलेल्या वान सरोवराच्या काठी, येरेव्हानपासून सरळ रेषेत सुमारे २०० किलोमीटरवर. उरार्तू हे नाव शेजारच्या असिरियन लोकांनी दिलेलं. हे लोक स्वतःच्या देशाला बियाइनिली म्हणत. इ.स.पू. नवव्या ते सातव्या शतकात हे डोंगरी राज्य असिरियासारख्या बलाढ्य साम्राज्याला टक्कर देत होतं. अर्गिश्तीच्या काळात तर त्याचंच पारडं जड होतं. त्यांची भाषा आर्मेनियन नव्हती. हुर्रियन या एका लुप्त भाषेशीच तिचं नातं जुळतं. लिपी मात्र त्यांनी शत्रूकडून, असिरियनांकडून उचलली, आणि मग ती अशी काही वापरली की विचारू नका.

हे लोक सगळंच लिहून ठेवत. वानजवळच्या एका कड्यात कोरलेल्या दारासारख्या कोनाड्यावर कोणत्या देवाला किती बळी द्यायचे याची यादी आहे : खाल्दीला १७ बैल आणि ३४ मेंढ्या, वादळाचा देव तेइशेबा याला ६ बैल आणि १२ मेंढ्या, सूर्यदेव शिविनीला ४ आणि ८. यादी अशीच उतरत जाते, लहानसहान देवांपर्यंत. अर्गिश्तीचा बाप मेनुआ याने तर आपल्या घोड्यासाठी दगड कोरवला. आर्सिबिनी नावाचा हा घोडा मेनुआला पाठीवर घेऊन इथून २२ हात लांब उडी मारून गेला, असं त्यावर नोंदवलेलं आहे. मद्याच्या रांजणांवर त्यांची मापं अकार्की आणि तेरुसी या एककांत खुणावलेली. आपल्याकडे तांब्यापितळेच्या भांड्यांवर घरच्यांची नावं आणि तारीख घालून घ्यायची पद्धत होती ना, अगदी तसं हे सबंध राज्य आपल्या मालमत्तेवर नाव घालत सुटलं होतं.

आणि इतकं लिहूनही ते विस्मरणात गेलं. नुसतं मागे पडलं असं नव्हे, साफ पुसलं गेलं. इ.स.पू. सहाव्या शतकानंतर ती भाषा वाचणारं कोणी उरलं नाही. मेनुआने वानला पाणी आणण्यासाठी ५० किलोमीटरहून लांब कालवा खणला. त्याच्या काठावर जागोजाग आपलं नाव कोरलं. तो कालवा लोक वापरत राहिले, पण त्याला नाव पडलं शमिरामचा कालवा, म्हणजे असिरियाची दंतकथेतली राणी सेमिरामिस हिचा. आर्मेनियन इतिहासलेखनाचा जनक मानला जाणारा मोव्सेस खोरेनात्सी हादेखील वानच्या कड्यातली दालनं आणि तिथल्या लेखांचं तोंडभरून कौतुक करतो आणि सगळं श्रेय शमिरामला देऊन टाकतो. मालक डोळ्यांसमोर नाव घालून बसलेला, आणि वाचता येत नसल्यामुळे वस्तू भलत्याच्याच नावावर!

ही गाठ सुटली ती एकोणिसाव्या शतकात. १८२७ मध्ये फ्रीड्रिख एडुआर्ड शुल्झ हा जर्मन प्राध्यापक फ्रेंचांच्या वतीने वानला गेला आणि त्याने तिथले ४२ लेख हाताने उतरवून घेतले, त्यातलं एक अक्षरही न कळता. त्यात इराणचा सम्राट झर्क्झेस याचाही एक लेख होता. माझ्या बापाने, म्हणजे दारयवहूने, ही जागा तासून घेतली पण तिच्यावर काही लिहिलं नाही, म्हणून मी लिहवून घेतलं, असं तो त्यात सांगतो. (बापाची राहिलेली कामं निस्तरण्याची तक्रार किती जुनी आहे पाहा.) शुल्झ १८२९ मध्ये कुर्दिस्तानात मारला गेला. त्याचे कागद पॅरिसला पोचले आणि १८४० मध्ये छापले गेले.

लेख छापून आले तरी उलगडेनात. किल्ली सापडली ती अनपेक्षित ठिकाणी. १८८० मध्ये स्तानिस्लास गुयार या फ्रेंच अभ्यासकाच्या लक्षात आलं की कितीतरी लेखांचा शेवट सारखाच आहे, आणि असिरियन राजांच्या लेखांच्या शेवटी जी शापवाणी असते तिच्याशी तो ताडून पाहता येतो. हा लेख जो फोडील, जो लपवील, जो यावर आपलं नाव घालील, त्याचा देव नाश करोत. आपल्याकडच्या गधेगाळींवर, म्हणजे जुन्या शापशिळांवर, असते त्याच जातीची धमकी. त्या शापावरून शब्द कळले, शब्दांवरून व्याकरण, आणि १८८२ मध्ये आर्चिबाल्ड सेस या इंग्रज विद्वानाने वानचे लेख वाचून त्यांचं भाषांतर प्रसिद्ध केलं. लेखांचं रक्षण करण्यासाठी घातलेल्या शापानेच ते पुन्हा बोलते केले, हे मला या सगळ्या कथेतलं सर्वांत विलक्षण वाटतं.

मग वानच्या खडकावरचे अर्गिश्तीचे वृत्तान्तही वाचता आले. त्यांना खोरखोरचा लेख म्हणतात. उरार्तूचा सर्वांत मोठा शिलालेख हाच. कोणत्या वर्षी कोणावर स्वारी, किती माणसं धरून आणली, किती घोडे, किती गुरं, असा वर्षावार जमाखर्च. त्यातच एरेबुनी बांधल्याची नोंद आहे, आणि त्या क्रमावरूनच किल्ल्याचं साल इ.स.पू. ७८२ असं धरतात. तिथेच हेही लिहिलं आहे की हाते आणि त्सुपानी या देशांतून आणलेले ६,६०० लोक आपण तिथे वसवले. हे देश युफ्रेटिसच्या वरच्या खोऱ्यातले, एरेबुनीपासून शेकडो किलोमीटर पश्चिमेला.

आता टेकडीवर परत येऊ. किल्ल्याचा आराखडा टेकडीच्या माथ्याने ठरवलेला. कडेकडेने तट, त्याला ठरावीक अंतरावर बाहेर काढलेले चौकोनी धिरे, म्हणजे भिंतीला आधारही होतो आणि तटाच्या पायथ्याशी आलेल्यावर दोन बाजूंनी मारा करता येतो. आग्नेयेकडून चढण, मग दरवाजा, आणि आत बालेकिल्ल्याचे तीन भाग : राजवाडा, मंदिरं, कोठारं. तटाचा खालचा भाग मोठमोठ्या घडीव दगडांचा. त्याच्यावरचं सगळं बांधकाम कच्च्या विटांचं, मातीत पेंढा मिसळून उन्हात वाळवलेल्या. म्हणजे आपण ज्याला दगडी किल्ला समजतो, तो खरं तर दगडाच्या जोत्यावर उभा केलेला मातीचा किल्ला होता.

मातीचा किल्ला मरतो कसा, हे समजून घेण्यासारखं आहे. छपराचे वासे कुजले किंवा कोणी काढून नेले की पाणी थेट भिंतींच्या डोक्यावर पडायला लागतं. गिलावा सुटतो. विटा पावसागणिक विरघळत जातात आणि भिंत आपल्याच पायाशी ढीग होऊन बसते. खोली हळूहळू अर्ध्यापर्यंत भरते. इथे मात्र मरणच रक्षणाला येतं. भिंतीचा वरचा निम्मा भाग पडतो तो खालच्या निम्म्याला गाडून टाकतो. मग खाली पाऊस नाही, ऊन नाही, दगड चोरायला येणारा माणूस नाही. नुसत्या दगडाचा वाडा असता तर आजूबाजूच्या गावांनी घरं बांधायला तो केव्हाच नेला असता.

त्या ढिगाऱ्यातूनच रंग बाहेर आले. राजवाड्याच्या आणि मंदिराच्या भिंतींवर मातीचा गिलावा देऊन त्यावर चित्रं काढलेली होती. पडलेल्या गिलाव्याच्या तुकड्यांमधून ती जुळवत न्यावी लागली. गडद निळ्या जमिनीवर फुलांच्या चकत्यांचे पट्टे, चौकटींत आळीपाळीने सिंह आणि बैल, दोन्ही बाजूंना माणसं उभी असलेला पवित्र वृक्ष, आणि सिंहावर उभा असलेला खाल्दी. आज टेकडीवर उभ्या असलेल्या मंदिराच्या ओसरीत या चित्रांच्या प्रतिकृती रंगवल्या आहेत. मूळ तुकडे पायथ्याच्या संग्रहालयात आहेत. प्रतिकृती नीटनेटक्या आहेत, पण विचाराल तर मी आधी तुकडेच पाहायला सांगेन. त्यांच्या तुटलेल्या कडांवर गिलाव्यातल्या पेंढ्याचे ठसे दिसतात आणि त्यावर तो निळा रंग, बोटभर जाडीच्या मातीवर टिकून राहिलेला.

खाल्दीच्या मंदिरापुढे दोन रांगांत बारा लाकडी खांबांची ओसरी होती. राज्याच्या मुख्य देवाला साजेसा थाट. पण मला कुतूहल आहे ते चौकाच्या दुसऱ्या अंगाच्या लहानशा देवळाचं. आतली जागा चाळीसेक चौरस मीटर, म्हणजे आपल्याकडच्या दोन खोल्यांच्या घराएवढी. दाराच्या दोन्ही बाजूंच्या दगडांवर लेख आहे : मेनुआपुत्र अर्गिश्तीने हे मंदिर इवार्शा देवासाठी बांधलं. हा इवार्शा कोण? उरार्तूच्या देवांच्या नेहमीच्या मांदियाळीत तो नाही. अभ्यासक त्याचा संबंध त्या ६,६०० लोकांशी लावतात. युफ्रेटिसच्या खोऱ्यातून उठवून आणलेल्या माणसांनी आपला देव बरोबर आणला असावा आणि राजाने त्याला बालेकिल्ल्यात, राजवाड्याशेजारी घर दिलं असावं. दया म्हणून, की हे लोक इथेच रुजावेत, पळून जाऊ नयेत म्हणून? राजा तसं काही लिहीत नाही. पण शेकडो किलोमीटरवर आणलेल्या माणसांकडून मैदान कसून घ्यायचं, तर देवाला जागा देणं हा स्वस्त आणि शहाणपणाचा सौदा होता, असं मला वाटतं. किल्ल्यातली लांबलचक कोठारं, जमिनीत अर्धे पुरलेले रांजण, तो १०,१०० कापींचा दगड, सगळं त्याच मैदानाकडे बोट दाखवतं. सैन्याला सरहद्दीवर पोसायचं तर आधी दाणा हवा.

अर्गिश्तीचा मुलगा सार्दुरी यानेही इथे भर घातली आणि तसे लेखही ठेवले. टेकडीवर असे वीसहून जास्त लेख मिळाले आहेत. मग सातव्या शतकात दुसरा रुसा गादीवर आला आणि त्याने काही मैलांवर, ह्राझदान नदीच्या काठी, नवा किल्ला बांधला. आज त्या जागेला कार्मिर ब्लूर, म्हणजे लाल टेकडी म्हणतात. लाल, कारण तिथल्या कच्च्या विटा आगीत भाजून निघाल्या आहेत. १९३९ पासून तिथे बोरिस पिओत्रोव्स्की खोदकाम करत होते. पुढे ते लेनिनग्राडच्या हर्मिटाज संग्रहालयाचे संचालक झाले, तरी या टेकडीचा नाद त्यांनी सोडला नाही. ही कोणती जागा, हे कळलं ते दाराच्या एका काशाच्या कडीकोयंड्यावरून. त्यावर कोरलं होतं : अर्गिश्तीचा मुलगा रुसा याचा, तेइशेबाइनी शहराचा किल्ला. (हा अर्गिश्ती दुसरा, आपल्या अर्गिश्तीच्या नंतरचा.) कडीवरही नाव!

खरी मौज पुढे आहे. १९४९ मध्ये तिथल्या मद्याच्या कोठीत एका रांजणाच्या आत एकात एक रचून ठेवलेले काशाचे वाडगे मिळाले. मोजले तर ९७. वरचे काही हिरवटलेले, पण आतले सोन्यासारखे चकचकीत, आणि टिचकी मारली तर प्रत्येकाचा नाद वेगळा. प्रत्येकाच्या तळाशी राजाचं नाव : मेनुआ, अर्गिश्ती, सार्दुरी, रुसा. किल्ला बांधला सातव्या शतकात, आणि त्यातली भांडी शंभर-दीडशे वर्षं आधीच्या राजांची. हे कसं? उत्तर ढालींनी दिलं. जुन्या राजांच्या काशाच्या ढालींवरच्या लेखांत एरेबुनी शहराचं नाव होतं. म्हणजे त्या तयार झाल्या एरेबुनीसाठी, आणि सापडल्या तेइशेबाइनीत. रुसाने कारभार नव्या किल्ल्यात हलवला तेव्हा जुन्या किल्ल्यातला खजिनाही बरोबर नेला. अडीच हजार वर्षांनंतर एका राजघराण्याचं बिऱ्हाड कुठून कुठे हललं हे आपल्याला कळतं, कारण निघताना सामानावर नावं होती.

नव्या किल्ल्याचं नशीब वाईट निघालं. उरार्तूच्या अखेरच्या काळात त्याच्यावर हल्ला झाला. शकांसारख्या घोडेस्वार टोळ्या वापरत तशी त्रिधारी बाणाग्रं तटाच्या विटांत रुतलेली मिळाली. सगळं जळालं, आणि जळाल्यामुळेच कोठारातला गहू, जव, तीळ कोळसा होऊन टिकले. एरेबुनी मात्र रिकामा झाल्यामुळे वाचला. तिथे जाळण्याइतकं काही उरलंच नव्हतं.

रिकाम्या वाड्यात पुढे इराणी आले. हखामनी सम्राटांच्या काळात खाल्दीच्या मंदिराची ती बारा खांबांची ओसरी वाढवून तीस खांबांचा दरबार केला गेला, पर्सेपोलिसच्या दरबाराच्या धर्तीवर. मिलेटस या ग्रीक शहरात पाडलेली चांदीची नाणी टेकडीवर सापडली आहेत. एजियन समुद्राच्या काठचा पैसा या मैदानापर्यंत पोचत होता तर. आणि १९६८ मध्ये टेकडीच्या पायथ्याशी बांधकामासाठी खणताना चांदीची पेयपात्रं हाती आली. त्यातल्या एका शिंगाच्या आकाराच्या पात्राच्या टोकाला इराणी वेषातला घोडेस्वार आहे, घोड्याच्या लगामासकट घडवलेला.

१९६८ हे साल योगायोगाचं नव्हे. त्या वर्षी येरेव्हानने आपला २,७५० वा वाढदिवस केला. आर्मेनिया तेव्हा सोव्हिएत संघात होता, आणि आपली राजधानी रोमपेक्षा एकोणतीस वर्षांनी मोठी आहे हे मॉस्कोला ऐकवायची संधी कोण सोडणार? (रोमचं पारंपरिक स्थापना-वर्ष इ.स.पू. ७५३.) टेकडीच्या पायथ्याशी एरेबुनी संग्रहालय उघडलं, कवी पारुइर सेवाकने शब्द लिहिले आणि एदगार होव्हान्निस्यानने चाल दिली ते ‘एरेबुनी-येरेव्हान’ हे गाणं तेव्हापासून शहराचं गीत होऊन बसलं. शहराचं आजचं नावही एरेबुनीवरूनच आलं असं मानतात. एकेकाळी लोक ते नोहाच्या तोंडी घालत असत : जहाज अराराताला लागल्यावर त्याला जमीन ‘दिसली’ आणि तो तसं ओरडला, म्हणून येरेव्हान. शिलालेखाने त्या गोष्टीची जागा घेतली खरी, पण ती सांगणारे अजून आहेत.

वाढदिवसाच्या हिशेबात मात्र एक गंमत राहून गेली. ७८२ आणि १९६८ यांची बेरीज २,७५० होते हे बरोबर, पण इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येतं, मध्ये शून्य वर्ष नाही. म्हणजे १९६८ मध्ये २,७४९ वर्षंच पुरी झाली होती. खोरखोरच्या कड्यावर गुरंढोरं मोजणाऱ्या अर्गिश्तीच्या कारकुनांनी हे एक वर्ष सोडलं नसतं. येरेव्हानने ते सोडलं, आणि २०१८ मध्ये २,८०० वा वाढदिवसही त्याच बेरजेने, मोठ्या धूमधडाक्यात साजरा केला.